नात्यांचं कोडं

भरतीच्या परीक्षेसाठी मी आणि वर्षा अभ्यासिकेच्या पायरीवर बसून एकमेकींना नातेसंबंधांची कोडी घालायचो. त्या दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "एक बाई माझ्या वडिलांची बायको आहे, पण माझी आई नाही. तर ती माझी कोण?"

"सोप्पं आहे. सावत्र आई!" मी टाळीसाठी हात पुढे केला.

"बरोबर. काल गावी आमच्या घरी आली. शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं."

माझा हात तसाच राहिला. तिची आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. पुस्तकातल्या अ, ब, क यांनाही घर असेल, हे मला कधी जाणवलंच नव्हतं. उत्तर बरोबर आलं होतं आणि मी त्यावर टाळी मागितली होती.

"आता तू घाल," वर्षा म्हणाली.

मला एकही नातं सुचेना.