काट्यावरचा रंगीत पडदा

आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला पालमचा एक माणूस रुजू झाला. सकाळी तो आधी मशीनला हात जोडायचा, मग आम्हा कारकुनांना रामराम घालायचा. उसाच्या गाड्यांची यादी त्यानं पडद्यावर हौसेनं रंगवली होती. थांबलेली गाडी पिवळी, मोजलेली हिरवी, उशिराची लाल. साहेब पाहुण्यांना मुद्दाम ते रंग दाखवायला आणायचे. पण एका गाडीचं वजन घातलं, की मशीन सगळ्या ओळी पुन्हा तपासून रंगवत बसायचं आणि बाहेर रांग वाढायची.

एका दुपारी ऊसतोडीवरची बाई खिडकीशी आली. "दादा, तुमचा डबा रंग खेळायलाय, आन आमचे बैल उन्हात तापायलेत."

त्यानं मान खाली घातली आणि सगळे रंग काढून टाकले. पडदा काळापांढरा झाला, गाड्या भराभर सुटल्या. मला मात्र साहेबांची धास्ती होती. नेमके साहेब पाहुणे घेऊन आले.

"रंग कुठं गेले?"

"उडाले, साहेब," तो गंभीरपणे म्हणाला. "ऊन लय हाय."

पाहुणे खदखदून हसले, म्हणून साहेबांनाही हसावं लागलं.