ट्रेलरचे सांधे

“दुखतंय कुठे, ते सांग आधी.”

काकूंचं हे वाक्य सगळ्यांसाठी होतं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्या इंग्रजीत हेच विचारायच्या, आणि टीव्हीवर एखादा पुढारी तावातावाने बोलायला लागला की त्यालाही. न्यू जर्सीतल्या त्यांच्या पार्सिपनीच्या घराचं तळघर भाड्याने बघायला गेले तेव्हा भाडेकरूंच्या हक्कांवर माझं छोटंसं भाषण तयार होतं. ते मी जिन्यातच सुरू केलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “दुखतंय कुठे?” मी म्हणाले, आधीच्या घरमालकाने अख्खी थंडी हीटर दुरुस्त करून दिला नाही. त्यांनी खाली जाऊन हीटर लावून दाखवला. भाषण तिथेच संपलं. मला ते मुळीच आवडलं नाही, हे सांगून टाकते.

ही गोष्ट २००५ च्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा विद्यापीठात शिकत होते, शिकवत होते, आणि शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना आरोग्य विमा मिळावा म्हणून पत्रकं वाटत होते. पुण्यात कॉलेजच्या दारात पत्रकं वाटतच मोठी झालेली मी. अन्याय दिसला की मथळा आधी सुचायचा, माणूस नंतर दिसायचा.

काकू हाडांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. नागपुरात शिकत असताना एका सरांनी त्यांना सांगितलं होतं की बाईच्या मनगटात हातोडी चालवायचं बळ नसतं, तू दुसरं काहीतरी घे. हे ऐकून माझाच संताप झाला. मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं. “हातोडी चालवली,” काकू म्हणाल्या आणि भाजी परतायला लागल्या. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. आपण त्यांच्यावर लेख लिहायला बसतो आणि त्या आपल्याला कोथिंबीर निवडायला देतात.

काका इंजिनियर. पाठीच्या कण्याची ऑपरेशनं झालेली. तासाभरापेक्षा जास्त बसवायचं नाही, मग आडवं व्हावंच लागायचं. त्यामुळे विमानप्रवास बंद. म्हणून काकूंनी एक जुना ट्रेलर घेतला होता. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, शेगडी, संडास. तासभर गाडी चालवायची, थांबायचं, काकांनी आत जाऊन पाठ टेकायची, पुन्हा निघायचं. त्यांना जायचं होतं एकाच ठिकाणी, शिकागोला.

तिथे डेव्हन ॲव्हेन्यूजवळ काकांचे मित्र राहायचे. काका त्यांना भाऊ म्हणत. अमेरिकेतला पहिला हिवाळा दोघांनी एका खोलीत काढला होता, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन ठरलेला. आता भाऊंनी घर विकलं होतं. सप्टेंबरअखेर ते नागपूरला परत जाणार होते, कायमचे. त्यांच्या पत्नीला एकटं सोडता येत नव्हतं, त्यामुळे इकडे यायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे काकांनी जायचं, नाहीतर दोघं पुन्हा कधी भेटणार नव्हते. इतकं साधं होतं ते.

मे महिन्यात दोघं निघाले होते. रूट ८० आमच्या घराजवळून जातो तो थेट शिकागोच्या दिशेने. पण पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर काँक्रीटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला ट्रेलर आपटायला लागला, आणि त्याचा प्रत्येक धक्का पिकअपमधून काकांच्या पाठीत जायला लागला. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त पांढरे पडले. काकूंनी गाडी वळवली. घरी आल्यावर काका म्हणाले, “विषय संपला.” पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसून राहिले. काकूंनीच उचलला आणि सांगितलं, ते आंघोळीला गेलेत. त्याच्या पुढच्या रविवारीही आंघोळ. तिसऱ्या खेपेला भाऊ म्हणाले म्हणे, “वहिनी, एवढा स्वच्छ माणूस नव्हता हो तो.”

काकूंनी गॅरेजवाल्यांना फोन केले. सगळ्यांचं एकच उत्तर, सीझन आहे, नोव्हेंबरमध्ये आणा. मी चिडले. काकू चिडल्या नाहीत. त्यांनी ट्रेलर हाकणाऱ्यांच्या एका इंटरनेट फोरमवर वाचायला सुरुवात केली आणि एका सकाळी जुना सलवार-कुर्ता घालून, पुठ्ठा अंथरून ट्रेलरखाली शिरल्या.

बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, “दुखणं सापडलं.”

त्यांनी मलाही खाली बोलावलं. चाकांच्या वर पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात. काकू त्यांना पाटे म्हणायच्या, नागपूरच्या ट्रकवाल्यांसारखं. पाटे ठणठणीत होते. पण ज्या कड्यांवर ते झुलतात त्यांच्या बोल्टांभोवतीचं प्लास्टिक पार झिजून गेलं होतं. लोखंड लोखंडावर घासून भोकं लांबट झाली होती. “कूर्चा संपली बघ,” काकू म्हणाल्या, “हाडावर हाड. ओरडणार नाही तर काय करेल बिचारा?” उपायही त्यांनीच ठरवला. जाड कड्या, पितळी अस्तर, आतून ग्रीस भरता येईल असे बोल्ट, आणि दोन पाट्यांना जोडणारा मधला तुकडा रबर बसवलेला, म्हणजे धक्का तिथेच जिरेल. सामान ऑनलाइन मागवलं. महाराष्ट्र मंडळातल्या एका मावशींना त्या फोनवर सांगत होत्या, पाटा काढायचाय, जड आहे, मुलाला पाठवता का. मावशी म्हणाल्या, अगं माझाच घेऊन जा की, वरवंट्यासकट, इथे कुणी वाटत नाही.

काम सुरू झालं तशी आमच्या गल्लीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचे एक गृहस्थ येऊन नम्रपणे सांगून गेले, ड्राइव्हवेत ट्रेलर ठेवायला परवानगी नाही. आता हे माझं क्षेत्र होतं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मालमत्तेच्या नावाखाली आजारी माणसाच्या हालचालीवर बंधनं, शोषण, सगळं होतं त्यात. गठ्ठा घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“छान लिहिलंयस. पण मला तो इथे ठेवायचाच नाहीये गं. मला तो न्यायचाय.”

मग त्यांनी वरची दोन-चार पत्रकं घेऊन हातावरचं ग्रीस पुसलं. “कागद चांगला आहे. तेल पटकन शोषतो. शोषण म्हणतेस ते हेच का?”

मी तासभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं, कारण त्या ट्रेलरखाली होत्या. असोसिएशनच्या गृहस्थांना त्यांनीच गाठलं आणि त्यांचा दुखरा खांदा तपासता तपासता काम होईपर्यंतची सवड मिळवली. ही तडजोड झाली असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

कामाची पद्धत म्हणाल तर थेट ऑपरेशन थिएटर. चाकांना ठोकळे, चौकटीखाली जॅक, मग लोखंडी स्टँड. स्टँड बसल्याशिवाय मला हातसुद्धा आत घालू द्यायच्या नाहीत. निघालेला प्रत्येक बोल्ट जुन्या चादरीवर ओळीने. एक गंजका बोल्ट निघेना. काकूंनी तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा तेल सोडलं. मग दोन पाय रोवून घाव घातला आणि तो टणकन बाहेर पडला. काका वरच्या खिडकीतून बघत होते. मी वर पाहिलं तसा त्यांनी पडदा सोडला.

शेवटच्या दिवशी ट्रेलर जमिनीवर टेकला. राहिलं होतं ते चाकांचे नट शेवटचे आवळणं. काकूंना काकांना घेऊन डॉक्टरकडे जायचं होतं. त्या म्हणाल्या, उजवी बाजू मी केली आहे, डावी तू आवळ. नट पुरेसा आवळला गेला की हा पाना कट्ट वाजतो, मग थांबायचं. मी ट्रेलरसमोर उभी राहिले आणि डाव्या हाताच्या बाजूला गेले. पान्याला नुसता जोर दिला की लगेच कट्ट. प्रत्येक नटाला तसंच. पंधरवडाभर काम करून माझ्या मनगटात बळ आलंय असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

काकू परत आल्या तर मी काम झाल्याचं सांगितलं. तरीही त्या पाना घेऊन ट्रेलरभोवती फिरायला लागल्या. पेशंटला घरी सोडायच्या आधी डॉक्टरने राउंड घ्यायचाच, असं म्हणाल्या. पलीकडच्या बाजूला गेल्या आणि पहिल्याच चाकाशी थांबल्या. मी जाऊन पाहिलं. त्यांच्या दोन बोटांत नट फिरत होता.

“डावी बाजू म्हणाले होते मी.”

मी म्हणाले, डावीच केली. आणि मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. काकूंच्या मते डावं म्हणजे पेशंटचं डावं, डॉक्टर समोर उभा असला तरीही. माझ्या मते डावं म्हणजे बघणाऱ्याचं डावं. पेशंटला चाकं असतात तेव्हा त्याने हे आधी स्पष्ट करावं, असंही मी सुनावलं. काकू ट्रेलरच्या पायरीवर बसल्या. आधी त्यांचा चेहरा उतरला होता. हे नट तसेच हमरस्त्यावर गेले असते तर काय झालं असतं ते आम्हा दोघींनाही कळत होतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

“एवढी चळवळीतली पोरगी,” त्या हसत म्हणाल्या, “आणि डावं कुठलं ते तिला मी सांगायचं?”

वरची खिडकी उघडली. काकाही हसत होते. मे महिन्यानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, नुसती एक चक्कर मारून येऊ. काका पुढे बसले, मी मागे. रूट ८० ला लागलो. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलो तशी काकांनी दारावरची मूठ पकडली. माझं लक्ष त्या मुठीवरच. बोटांची पेरं पांढरी झाली होती. काकू सरळ समोर बघत होत्या, पण त्यांचं कशाकडे लक्ष होतं ते मला माहीत आहे. मागून धप् आवाज यायचा, पण मऊ, कुणी उशी टाकावी तसा. असे बरेच मैल गेले.

“तो वाईट रस्ता कधी येऊन राहिला?” काकांनी शेवटी विचारलं.

“गेला मागे,” काकू म्हणाल्या.

“कुठे?”

“मघाशीच.”

काकांनी मान वळवून मागच्या काचेतून रस्ता पाहिला, पाठीला जेवढं वळवेल तेवढं. मग मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला. पुढच्या थांब्यावर त्यांनी काकूंकडे मोबाइल मागितला. रविवार नव्हता तो. “भाऊ,” ते म्हणाले, “आंघोळ झाली रे माझी.” पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण काका बराच वेळ नुसतं “हो रे बाबा, हो रे बाबा” म्हणत होते. काकू उतरून चाकांना हात लावून बघायला गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसायला त्यांच्याकडे स्वच्छ जागा उरली नव्हती, दोन्ही तळवे काळे झालेले. मी खिडकीबाहेर बघितलं.

सप्टेंबरात ते निघाले. रोजच्या ठिकाणी ट्रेलर नाही म्हणून असोसिएशनचे गृहस्थ माझ्याकडे चौकशी करून गेले, जरा हळहळतच.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. काकू होत्या. पोचलो, म्हणाल्या. काका स्वतः उतरले, स्वतः दोन जिने चढले. भाऊंनी साबुदाण्याची खिचडी केली आहे, ती खारट झाली आहे, आणि दोघंही ते कबूल करत नाहीयेत. बोलता बोलता त्यांचा आवाज सारखा फोनपासून लांब जात होता. जरा थांब हं, म्हणून त्यांनी फोन कुठेतरी ठेवला, आणि मग त्या आल्याच नाहीत.

मी फोन कानाला लावून उभी. ताटल्यांचा आवाज येत होता. भाऊ मोठ्या आवाजात कुणा घरमालकाची नक्कल करत होते, दोघंही खोकेपर्यंत हसत होते. मग काकांचा आवाज आला, अगदी जवळून.

“हळू बोल बे. झोपली ती, तीन दिवस गाडी हाकून.”

मी हळूच फोन बंद केला.