दार लागलं म्हणजे

वैशाली माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने गोल काढायची. मी भाकरी करत असायचे आणि ही गुडघ्यांवर सरकत माझ्यापर्यंत यायची. "मावशी, पाय उचला. तुम्ही 'अडकलं'वर उभ्या हाय." पोरीचं डोकं फिरलंय असं मला वाटलं होतं.

ती कन्नड गावची. छावणी भागातल्या माझ्या घरी वरच्या खोलीत राहायची, जेवायला खाली. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनने कधी काय करायचं, ते ती कॉम्प्युटरवर लिहायची. मी चौथी शिकलेली, पण तिने सांगितलेलं मला कळलं. पत्रा दाबणारं मोठं मशीन, भोवती लोखंडी जाळी, जाळीला दार. 'बंद' हा एक गोल, 'तयार' दुसरा, मग 'चालू', आणि 'अडकलं'. मशीन एका वेळी एकाच गोलात असतं. दुसऱ्यात जायला बाण लागतो आणि बाणावर कारण लिहावं लागतं. "चुकीचा बाण काढला की माणूस मरतं," असं ती मीठ मागावं तशी सांगायची.

जेवतानाही तेच. मी लग्नाचं काढलं की म्हणायची, "तिकडं बाणच नाय अजून."

"मग काढ की. खडू तुझ्याच हातात हाय."

"कारण सांगा आधी."

ते मशीन अन्वर चालवायचा. पत्रा अडकला की दार उघडून जाळीच्या आत जायचा आणि तो मोकळा करायचा. 'अडकलं'मधून बाण फक्त 'बंद'कडे जायचा. म्हणजे बाहेर येऊन सगळं पहिल्यापासून. त्यात वेळ जायचा आणि शिव्या अन्वरला बसायच्या. एका रविवारी तो आमच्या ओट्यावर चहा पीत तिला म्हणाला, "दीदी, हर बार पैले से? साब मेरे पे चिल्लाते. दरवाजा लगा के मशीन चालू, बस इत्ता कर देव ना."

"नाय जमणार, अन्वरभाई."

"तुम भी साब हो गए."

साहेबही तेच मागत होता. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो, असं त्याने तिला सुनावलं होतं. उन्हाळाभर तिने दाद दिली नाही. 'अडकलं'पासून 'चालू'पर्यंत सरळ बाण काढून बघायची आणि पायाने पुसून टाकायची. एका संध्याकाळी तिने तो पुसला नाही. वर लिहिलं, 'दार लागलं'.

"घाईची ऑर्डर आलीय. ती निघेपर्यंतच, मावशी. मग काढून टाकते."

त्याच आठवड्यात अन्वर आत पत्र्यामागे वाकलेला असताना, जाता जाता कुणीतरी उघडं दार सवयीने लावलं. मशीनला जसं शिकवलं होतं तसं ते चालू झालं. अन्वर जागीच गेला.

कामगाराचा निष्काळजीपणा, असं कारखान्याने सांगितलं. वैशाली तपासणीच्या अधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "बाण मी काढला. दार लागलं म्हणजे माणूस बाहेर आला, असं मी धरून चालले." आपण तिला असं काही करायला सांगितलंच नव्हतं, असं साहेब म्हणाला. तिची नोकरी गेली. खटला अजून चालू आहे. ती अन्वरच्या आईकडे गेली, तर त्या बाईने दार उघडलं नाही.

"बरोबर केलं त्याच्या आईनं," मी म्हणाले.

"व्हय," वैशाली म्हणाली. खोली सोडताना माझी फरशी स्वतः धुऊन गेली.

परवा कन्नडला गेले होते. ती भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसते. पार वाळली आहे. मी बसले असतानाच गिरणीचा पट्टा निसटला. तिने बटण बंद केलं, मग वरचा खटका पाडला, फ्यूज काढून मुठीत धरला. तरी पट्ट्याला हात लावला नाही. गिरणीला वळसा घालून मागे गेली. डबे घेऊन थांबलेल्या बायका कुरकुरायला लागल्या.

"लई वेळ लावती ही," एक म्हणाली. "अगं, मागं भिंत हाय. तिथं कोण असणार?"

"बघू दे," वैशाली म्हणाली, आणि वाकून पुन्हा एकदा बघितलं.