धक्क्यावरचे हात

बोट धक्क्याला लावताना मी दोर झोकात किनाऱ्यावर फेकला, पण त्याचं दुसरं टोक बोटीला बांधलंच नव्हतं. ग्रीसच्या बेटांमधून शिडाच्या बोटीने फिरताना आमची कप्तान एलेनी हिने माझ्यावर सोपवलेलं ते पहिलंच काम. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दोर छान झेलला. आता अख्खा दोर त्यांच्या हातात, आणि आम्ही वाऱ्याबरोबर शेजारच्या चकचकीत बोटीवर आदळायला निघालेलो. माझ्या बायकोने, सुमनने, डोळे मिटून घेतले. गृहस्थ मात्र हसले. एक टोक धरून त्यांनी दुसरं आमच्याकडे भिरकावलं, एलेनीने ते चटकन बांधलं आणि बोट हातभर अंतरावर थांबली.

मग मी धक्क्यावरच कॉफी घेऊन बसलो. इथे बोट येताना दिसली की कुणीतरी हातातला कप ठेवून उठतं आणि दोर झेलायला हात पुढे करतं. बोट कुणाची, कुठली, असं कुणी विचारत नाही. एरवी मी जगाबद्दल पुष्कळ कुरकुरतो. पण अनोळखी माणसाचा दोर झेलायला लोक असे उठत असतील, तर जगाचं अजून बरं चाललंय म्हणायचं. त्या हातांत आपलाही एक हात असावा, असं मला फार वाटलं.

तेवढ्यात एक बोट आत येऊ लागली. मी बाह्या सरसावून उठलो.

"अहो, खाली बसा," सुमन म्हणाली. "त्या बिचाऱ्यांना सुखरूप लागू द्या."