शेवटच्या पंगतीतले भावजी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून असं एकही लग्नघर नसेल, जिथे माझे भावजी नवरा-नवरीच्या आधी चुलाणाला भेटले नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मांडवात शिरल्यावर माणसं घरच्यांना रामराम करतात, पाणी पितात, सावलीतली खुर्ची शोधतात. भावजी नाक वर करून वाऱ्याची दिशा बघतात आणि सरळ मांडवामागे चालू लागतात. तिथे गेल्यावर कुणाला न विचारता टोपावरचं झाकण उचलायचं, आमटीचा थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. आचारी बिचारा हातातलं काम टाकून निकालाची वाट बघत राहतो. एकदा किन्हवलीला एका बाराव्याच्या जेवणात त्यांनी गेलेल्या माणसाच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला नेलं. आम्हाला वाटलं, चला, चार शब्द धीराचे सांगतायत. जवळ जाऊन ऐकलं तर सांगत होते की वालांना मोड कमी आलेत, अजून थोडे ठेवायला हवे होते. ताईने तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, जणू हा नवरा तिच्यासाठी मीच शोधून आणला होता.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, कारण भावजी आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात वेल्डर होते आणि पर्मनंट होते. आमच्या भागात पर्मनंट हा शब्द देवाच्या नावासारखा घेतात. सोयरीक त्याच्यावर जुळते, भांडण त्याच्यावर मिटतं. आणि या माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर बिनपगारी रजा काढली आणि धसईच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरायला जाऊन बसला. कांद्यावरून बटाट्यावर, बटाट्यावरून मसाल्यावर, अशी त्यांची बढती होत गेली. भाताच्या टोपाजवळ उभं राहायची परवानगी मिळाली त्या दिवशी ते पेढे घेऊन घरी आले. ताईने पेढा घेतला नाही. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेत," एवढंच बोलली आणि आत गेली. तिचं तरी काय चुकलं? पदरी दोन मुली, थोरली नर्सिंगला जायचं म्हणते, आणि रजा काही जन्मभर पुरणारी नव्हती.

पुढे म्हाताऱ्यांनी आपला लांब दांड्याचा झारा त्यांना दिला आणि सांगितलं की आता तुझी तू लग्नं घे. भावजी तो झारा मोटारसायकलला बांधून हिंडत. पेट्रोल भरायला गेले तरी झारा बरोबर. तांदूळ पारखायची तर त्यांची तऱ्हाच वेगळी. कच्चा दाणा दाढेखाली धरायचा, मान वाकडी करून त्याचा आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. टक्क वाजला तर जुना, त्याला पाणी जास्त लागतं. नवा दाणा नरम, त्याला पाणी बेताचं. आम्ही हसायचो खरं, पण निकाल कधी चुकलेला मी पाहिला नव्हता.

तो चुकला त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलेल्या पहिल्या मोठ्या लग्नात. मार्गशीर्ष होता, नवा तांदूळ घरोघर नुकताच भरडून आला होता. त्या गावात लग्नाला भावकीतलं प्रत्येक घर आपापला तांदूळ आणून घालतं. कुणी गेल्या वर्षीचा आणला, कुणी नवा, आणि सगळा एकाच ताडपत्रीवर ओतला. भावजींनी वरचा एक दाणा उचलला, दाढेखाली धरला, मान वाकडी केली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, जुना आहे. मग जुन्याच्या मापाने पाणी ओतलं. व्हायचं तेच झालं. नव्या दाण्याची पेज झाली आणि जुना त्या पेजेत कच्चाच राहिला. भात खाऊन मोठे झालेल्या माणसांच्या पानात असा भात पडला. लोक आमटी भुरकून उठले. मधल्या पंगतीतून एक जण मोठ्याने बोलला, "भात आहे का वेल्डिंग रे? दाना सुटतच नाय!" अख्खा मांडव हसला. आम्ही दोघी बहिणी मागच्या वाटेने बाहेर पडलो आणि मिळेल त्या जीपने घरी आलो.

त्या दिवसापासून भावजींनी चव घेणं सोडलं. ताई वाढायची, ते जेवायचे. एकदा आमटीत मीठ घालायचंच राहिलं, तीही मुकाट्याने संपवली. मला ते बघवेना. तशात कारखान्यातून निरोप आला, सोमवारी हजर व्हा, नाहीतर तुमची जागा भरतो. ताईने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, तू सांग, तुझं ऐकतात. मी तोंडाची फटकळ, म्हणून असली कामं माझ्याच वाट्याला येतात. पण मी तोंड उघडायच्या आधीच भावजी म्हणाले, "चल, म्हाताऱ्यांचा झारा परत देऊन येऊ. सोमवारी कंपनीत जातो." जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

धसईला म्हातारे ओटीवर लसूण सोलत बसले होते. भावजींनी झारा त्यांच्या पायाशी ठेवला आणि घडलं ते काही न लपवता सांगितलं. म्हाताऱ्यांनी झाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मंग त्या भाताचा काय केलास?"

"खाल्ला. शेवटच्या पंगतीला बसलो, मुलीच्या बापाच्या शेजारी. वाढलेला सगळा खाल्ला."

"कोनी बसवला तुला?"

"कोनी नाय. मीच बसलो."

हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही दोघी तेव्हा जीपमध्ये बसून त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो.

म्हाताऱ्यांनी हातातल्या पाकळीचं साल काढून ती ताटलीत टाकली. मग म्हणाले, "माझा पयला भात बिघाडला तवा मी रानात पळालो. मांडव उतरवला तवाच परत आलो. तू पान घेऊन बसलास. झारा ने. आनि यापुढं एका जागचा दाना नको चावू."

निघताना भावजींनी झारा पुन्हा मोटारसायकलला बांधला. घरी ताईने पानं वाढली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, शेवटच्या पंगतीचंही. ती ऐकत होती आणि वाढत होती. भावजींनी पहिला घास घेतला, थांबले, आमटीचा थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला आणि डोळे मिटले. मग अगदी हळू, परवानगी मागितल्यासारखे म्हणाले, "मीठ कमी आहे गो."

ताईच्या हातातली पळी तशीच राहिली. तिचे डोळे भरून आले. मिठाचं भांडं त्यांच्याकडे सरकवत ती म्हणाली, "सोमवारी कंपनीत जाऊन सांगून या, जागा भरा म्हणावं." मुलींचं कसं व्हायचं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आजही पुरतं ठाऊक नाही. आजही लोक त्यांना वेल्डर आचारी म्हणतात, आणि ते प्रत्येक गोणीतला दाणा वेगळा चावून बघतात. त्या दिवशी मात्र भावजींनी मान खाली घालून आमटीत मीठ घातलं आणि ताईकडे आणखी थोडा भात मागितला.