डब्यावरचं फडकं

ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्या माणसाला क्लीनर म्हणतात. तिला सगळे क्लीनरबाई म्हणायचे. आधी टिंगल म्हणून, मग सवयीने, पुढे पुढे मानाने. तिला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडलं होतं.

नवराबायकोचं काम लोकांची घरं हलवायचं. कुणाची बदली व्हायची, कुणाचा भाडेकरार संपायचा, कुठे भावाभावांत वाटण्या व्हायच्या. हमाल कपाटं उचलायचे, नवरा ट्रक चालवायचा आणि काचेची भांडी ती बांधायची. आपण बांधलेला कप कधी फुटला नाही, असं ती सांगायची. एक फुटला होता. तो नवऱ्याने पाडला होता, म्हणून ती धरत नसे.

त्यांनी ट्रक घेतला तेव्हा इंजिनाला कॉम्प्युटर असणं ही नवलाई होती. अड्ड्यावरचे ड्रायव्हर विचारायचे, "काय हो, टाइप करून गिअर टाकता का?" कॉम्प्युटर म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा डबा. डॅशबोर्डखाली, नेमका क्लीनरबाईच्या पायाशी. इंजिनात डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं, हे तो ठरवायचा. तो रुसला की ट्रक जागच्या जागी उभा.

पहिल्यांदा रुसला तो एका घाटात. लेक तेव्हा मांडीवर मावेल एवढी होती आणि तापाने फणफणली होती. क्लीनरबाई तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. अचानक इंजिन बंद पडलं. नवरा खाली उतरला, इकडे ठोकून पाहिलं, तिकडे ठोकून पाहिलं, आणि इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात हिचा पाय डब्याला लागला आणि चटका बसला.

"अहो," ती खिडकीतून म्हणाली, "पोरीपेक्षा यालाच जास्त ताप आहे."

दुसरी घडी तिने डब्यावर ठेवली. करायला दुसरं काही नव्हतंच. लेकीला डोळा लागला आणि थोड्या वेळाने ट्रकही सुरू झाला.

तेव्हापासून दाराच्या कप्प्यात एक फडकं आणि पाण्याची बाटली कायमची मुक्कामाला आली. चढ आला की नवरा म्हणायचा, "अगं, बाळाला बघ." मागच्या फळीवर झोपलेली लेक मोठी होऊ लागली तशी तिथूनच ओरडायची, "मी बरी आहे!"

"तुला नाही गं. तू झोप."

मग हसणं. लेकीने पाढे त्या फळीवर पाठ केले. शाळेतल्या खाऊच्या, वेण्यांच्या, भांडणांच्या सगळ्या गोष्टी तिथेच सांगितल्या. लोकांची घरं हलवता हलवता त्यांची स्वतःची भाड्याची घरं किती बदलली, ते क्लीनरबाईला आठवायचं नाही. तिला केबिन आठवायची. आरशाला बांधलेली लेकीची रिबीन, सीटच्या रेग्झिनला पडलेली भेग, त्या भेगेत गेलेली आणि परत न मिळालेली कानातली. घर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे हेच यायचं. हे ती कुणाला बोलली नव्हती. लोक हसले असते.

आता लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. आईवडिलांना तिने आपल्या शेजारच्याच खोल्या घेऊन दिल्या होत्या. आणि ट्रक सपाट रस्त्यावरही बंद पडू लागला होता. गेल्या खेपेला तर एका नव्या जोडप्याचा संसार भर चौकात अडकून पडला. गाद्या, शिलाई मशीन, सगळं. नवऱ्याचा चेहरा त्या दिवशी उतरला तो उतरलाच.

"डबा गेला की गाडी गेली, आई," लेक म्हणाली. "कंपनी असले डबे बनवतच नाही आता. उद्या सकाळी भंगारवाला येतोय. मी बोलले आहे त्याच्याशी."

"उद्याची सकाळ अजून उजाडायची आहे," क्लीनरबाई म्हणाली.

तिने रस्त्याकडेच्या वायरमनला गाठलं होतं. हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. त्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकमधून तसाच एक डबा मिळवला होता. पण नुसता डबा बदलून भागत नव्हतं.

"या दुसऱ्या डब्याला तुमची चावी ओळखता येणार नाही, काकू," त्याने समजावलं. "तुमच्या इंजिनाच्या खोडी त्याला माहीत नाहीत. जुन्या डब्यातलं सगळं आधी लॅपटॉपवर घ्यायचं, मग यात उतरवायचं. तेवढा वेळ जुन्याने जिवंत राहायला हवं. मधेच गेला तर पहिल्यापासून. आणि कायमचा गेला, तर मग भंगारवाल्याला चहा पाजा."

वायरमनच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपार तापली होती. त्याने जुन्या डब्याचे स्क्रू काढून झाकण उघडलं. क्लीनरबाई, नवरा आणि लेक, तिघं वाकून पाहू लागले. आतल्या सर्किट बोर्डाच्या एका कडेला हिरवट पांढरा थर चढला होता. सांध्यापाशी तारांची टोकं खाऊन टाकल्यासारखी दिसत होती.

वायरमनने चष्मा डोळ्यांवर घेतला. "याला आंघोळ कोण घालत होतं?"

नवऱ्याने क्लीनरबाईकडे पाहिलं.

"अहो, पाणी मुरलंय आत. थेंब थेंब. एका दिवसातलं नाही हे, वर्षानुवर्षांचं आहे. कोणी केलं?"

"मी," नवरा म्हणाला.

तो खोटं बोलला की कान चोळायचा. आत्ताही चोळत होता.

"काका, कमाल आहे तुमची! इतकी वर्षं ट्रक चालवता आणि विजेच्या वस्तूवर पाणी?"

"चुकलं," नवरा कान चोळत म्हणाला.

प्रत्येक चढावर, प्रत्येक उन्हाळ्यात, आपण याला जगवतोय असंच क्लीनरबाईला वाटत आलं होतं. हिरव्या थराकडे ती बघत राहिली. मग नवऱ्याच्या लाल झालेल्या कानाकडे बघितलं आणि तिला राहवेना.

"यांना स्वतःचा टॉवेल पिळता येत नाही," ती म्हणाली. "हे कसलं फडकं ठेवतात? मी ठेवायचे."

"तू गप्प बस ना," नवरा पुटपुटला.

वायरमनने तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. आतल्या एका बारीक भेगेवर त्याने सुईचं टोक टेकवलं. "हा सोल्डरचा टाका बघा. हा पाण्याने नाही गेला. हा पहिल्यापासून कच्चा होता. तापला की उघडतो, निवला की बसतो. फडकं नसतं तर हा डबा केव्हाच गेला असता." त्याने चष्मा परत कपाळावर चढवला. "फक्त पिळून ठेवायचं हो, काकू. जरा घट्ट पिळून."

डबा लॅपटॉपला जोडला. पडद्यावर एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. निम्म्यावर गेली आणि थांबली. डबा तापला होता. निवू दिला, पुन्हा जोडला. या वेळी पट्टी निम्म्यापर्यंतही गेली नाही. वायरमनने टेबलपंखा वळवून त्यावर धरला. पंखा शेडमधलीच गरम हवा फेकत होता.

"अजून एकदाच," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला याच्यात जीव राहील असं वाटत नाही."

"जाऊ दे ना, आई," लेक हळूच म्हणाली. "किती ओढायचं त्याला?"

क्लीनरबाई ट्रककडे गेली. दाराच्या कप्प्यातून फडकं आणि बाटली घेऊन आली. वायरमनने तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "ऐकलंय मी. आता शिकवू नका."

तिने एक स्वच्छ प्लास्टिकची पिशवी मागितली. डबा तीत सरकवला. तळहाताने हळूहळू दाबून हवा काढली, तारा एका कोपऱ्यातून बाहेर घेतल्या आणि पिशवीचं तोंड दुमडून दोऱ्याने आवळलं. काचेचे पेले बांधायची तशीच. मग फडकं फाडून दोन तुकडे केले. एक भिजवला, पिळला, पुन्हा पिळला. वायरमन बघतोय म्हणून तिसऱ्यांदा पिळला. आणि पिशवीवर ठेवला.

"तू यावर हात ठेव," ती लेकीला म्हणाली. "गरम लागायला लागलं की सांग."

लेकीने हात ठेवला. पट्टी सरकू लागली.

"आई, तापतोय."

घडी बदलली.

"परत तापतोय."

पुन्हा बदलली. पट्टी निम्म्यावर आली, रेंगाळली, पुढे गेली. नवरा दारात पाठ करून उभा होता. त्याच्याने बघवत नव्हतं.

"लहानपणी मला ताप आला की तू असंच करायचीस ना?" लेकीने मधेच विचारलं.

"तुझ्यावरूनच तर शिकले."

"म्हणजे आधी मी, मग हा?"

"एकाच दिवशी दोघं. तू लवकर बरी झालीस. हात काढू नकोस."

पट्टी शेवटाला टेकली. वायरमनने दीर्घ श्वास सोडला. दुसऱ्या डब्यात सगळं उतरवायला वेळ लागला, पण तो डबा ठणठणीत होता, त्याची काळजी नव्हती. पायाशी, जुन्याच जागी त्याने तो बसवला. नवऱ्याने चावी फिरवली. इंजिन खोकलं, आणि मग त्याच जुन्या घोगऱ्या आवाजात बोलू लागलं. आरशाची रिबीन थरथरली.

लेकीने फोन काढला आणि जरा लांब जाऊन भंगारवाल्याला सांगितलं, "उद्या नको. नाही, परवाही नको."

"एकदा चढावर नेऊन आणा," वायरमन म्हणाला. "खरं तिथेच कळेल."

गावाबाहेरच्या चढावर ट्रक लागला. ऊन समोरच्या काचेतून थेट अंगावर येत होतं. नवरा नेहमीसारखा म्हणाला, "अगं, बाळाला बघ."

ती वाकली. डब्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली.

फडक्याचा ओला तुकडा तिच्या दुसऱ्या हातात होता. त्याचं काय करावं ते तिला कळेना. ती त्याच्या घड्या घालत आणि मोडत राहिली.

नवऱ्याने रस्त्यावरची नजर न काढता मान जराशी पुढे केली. "इकडे टाक. मानेवर. भाजून निघालोय मी."

"आणि गंज चढला म्हणजे?"

"तो केव्हाच चढलाय. टाक तू."

तिने फडकं घट्ट पिळलं.