मोठं पत्र जात नव्हतं

"छोटा लिवला तर जाता, मोठा लिवला की नाय जात," सुषमाताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून सांगत होत्या. आरे-वाऱ्याहून त्या एसटीनं थेट आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात आल्या होत्या. त्यांचा नवरा मालवाहू जहाजावर. खलाशांच्या घरच्यांनी जहाजावर निरोप पाठवायचा वेब फॉर्म मीच बनवला होता.

नवऱ्यानं विचारलं होतं, कॉन्ट्रॅक्ट सहा महिने वाढवू का? संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"मग 'घरी या' एवढंच पाठवा ना," मी म्हटलं.

"तेवढ्यान कोण येता? का या, ता लिवला पायजे."

फॉर्ममधला मजकूर सर्व्हरकडे न्यायच्या दोन पद्धती असतात. 'गेट'मध्ये तो वेबपत्त्यालाच चिकटतो, म्हणजे पत्र पाकिटावरच लिहिण्यासारखं. 'पोस्ट'मध्ये तो पाकिटाच्या आत जातो. मी सर्चचा फॉर्म कॉपी केला होता, त्यातलं गेट तसंच राहिलं. टेस्टिंग केलं ते इंग्रजीत, दोन शब्द लिहून. वेबपत्त्यात मराठीचं एकेक अक्षर नऊ अक्षरांची जागा खातं. पानभर मजकूर झाला की सर्व्हर हात वर करतो.

त्यात लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, आधी गेलेले सगळ्यांचे निरोप उघडे दिसत होते. सुषमाताईंचे चार. चारही 'आम्ही बरे आहोत. काळजी नको.' मला माझीच लाज वाटली.

सरांना फोन लावला.

"लाइव्ह साइटला हात लावू नकोस. थोडक्यात लिहायला सांग त्यांना."

"सर, माणूस आठ महिने समुद्रावर आहे. थोडक्यात काय लिहिणार?"

"सोमवारी बघू."

मी "बरं" म्हटलं आणि बदल केला. फॉर्ममध्ये एक शब्द, 'गेट'च्या जागी 'पोस्ट'; सर्व्हरवर दोन ओळी. लॉगमधले निरोपही पुसले.

ताईंनी मोबाइलमध्ये लिहून ठेवलेलं पत्र पेस्ट केलं. गेलं. मग त्यांनी ते मोबाइलवर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून काढलं. माझा नवरा पुण्यात नोकरीला. आमचं 'जेवलीस?', 'हो' एवढ्यावर भागतं. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"वाढवल्यानी हो कॉन्ट्रॅक्ट."

"म्हणजे पत्राचा उपयोग नाही झाला," मी म्हटलं.

"पण सगळा वाचल्यानी. धा वेळा वाचला म्हणून लिवल्यानी."

सर चिडले, ते चिडणारच होते. मी मात्र तेव्हापासून नवा फॉर्म टेस्ट करायला ज्याचं कुणी दूर आहे, अशा माणसाला बसवते. रत्नागिरीत असा माणूस शोधावा लागत नाही.